शेजारचा विस्तव

जुन्नर
१० नोव्हेंबर २०२४

हौशीकाका, नमस्कार.

तुमचा तांदूळ पोचला. पहिल्याच दिवशी भात टाकला तर शेजारच्या काकू वाटी घेऊनच दारात! बाबांनीही बेल्ह्याहून बाजरी पाठवलीय, एसटीतून उतरवून घ्याल.

तुम्हाला तीन वेळा फोन लावला. तिन्ही वेळा ती बाई म्हणाली, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती क्षेत्राबाहेर आहे. मग म्हटलं, ज्या माणसानं चाळीस वर्षं डोंगरात टपाल वाटलं, त्याला पत्रच लिहावं की.

कामाचं बोलते. आमच्या शाळेत येत्या २६ जानेवारीला प्रदर्शन भरवतोय. बेचाळीसच्या लढ्यात आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात काय काय घडलं, ते साध्या माणसाला उभ्या उभ्या वाचता येईल असं मांडायचं. आठवडाभर दार सगळ्यांना उघडं. इतिहास मी शिकवते, तेव्हा धोंडा माझ्याच गळ्यात आलाय, आणि खरं सांगू का, मला तो लई आवडलाय.

एक फलक आमच्या अप्पांचा, म्हणजे आजोबांचा. कुंडलिक, राहणार बेल्हे, वय बावीस, दोन सोबत्यांसह तुमच्या वाडीच्या वरच्या रानात पाच महिने लपून होते. खाली पोलीस नसले की वाडीतून धूर व्हायचा, धूर दिसला की हे तिघं जेवायला खाली यायचे. त्रेचाळीसच्या मे महिन्यात पकडले गेले आणि तीन वर्षं तुरुंगात गेली. एवढं मला ठाऊक आहे. १९७२ सालच्या स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाची एक स्मरणिका मिळाली, तिच्यात आणखी एक ओळ आहे. 'वाडीतील जानकू याने धुराची खूण पोलिसांना सांगितली, व पोलिसांनीच धूर करून तिघांना फसवून खाली आणले.'

या जानकूचं पूर्ण नाव काय? फोटो मिळेल का? फितुराचा फोटो लावला तर पोरं फलकापाशी थांबतील.

आणि एक माझं कुतूहल. तुरुंगातून सुटल्यावर अप्पा पहिल्याच भाऊबीजेला तुमच्या वाडीत आले आणि तुमच्या आईला, बायडाआत्याला, बहीण मानून गेले. तेव्हापासून आपला तांदूळ-बाजरीचा व्यवहार. पण अख्ख्या वाडीत त्यांना सांभाळणाऱ्या एवढ्या बाया असताना बारा वर्षांच्या पोरीलाच बहीण का केलं?

तुमची
अक्षदा


वाडीवरून
१९ नोव्हेंबर

चि. अक्षदा, आशीर्वाद.

पत्र आलं. नव्या टपालवाल्यानं ते माझ्या हातात दिलं तर मी म्हणलं, पावणं, घर चुकलं. चाळीस वर्षं दुसऱ्याची पत्रं वाटली आन् मला सोताला दोन आली व्हती, एक नोकरी लागल्याचं आन् एक सुटल्याचं. हे तिसरं. चहा पाजला त्याला.

मी बोलतो तसाच लिहितो, तू शाळेची बाई हाईस, तांबडी शाई काढू नको.

अप्पांचं सांगतो. पौषात आले. थंडी मरणाची. शिकलेलं माणूस, सातवी पास, वाडी त्यांना मास्तर म्हणायची. त्ये आन् दोघं सोबती वरच्या कड्याखाली गुहा हाय तिथं ऱ्हायचे. खूण त्यांनीच ठरवली. आमच्या आज्याचं, म्हंजे आईच्या बापाचं (माझा बाप घरजावई), एक भातखाचर पार कड्याच्या टोकाला हाय. तिथं धूर केला की वर सरळ दिसतो. धूर म्हंजे या. धूर न्हाई म्हंजे बसा उपाशी. पोरांना मात्र ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. पोरांच्या तोंडाला कुलूप नसतं.

माझी आई त्या वक्ताला नऊ वर्षांची. तिला बहीण का केलं, त्ये त्यांनाच ठावं. मोठ्या माणसाच्या मनातलं आपण काय सांगावं.

जानकूचं नाव गाळ. मेलेल्या माणसाचा फोटो भिंतीला कशापायी टांगतीस? तो काय पुढारी व्हता का? फोटो न्हाईच त्याचा. फोटो काढायला त्याला कोण बोलवणार.

बाजरी पोचली. गुडघे दुखतात. बाकी बरं.

हौशीराम


जुन्नर
२७ नोव्हेंबर

हौशीकाका,

तांबडी शाई काढली नाही, पण तुमच्या पत्रातली एक जागा पेन्सिलीनं खुणवली. सगळं सांगता सांगता आत्याबाईंपाशी आलात आणि तुमची गाडी खड्ड्यात गेली. असो.

जानकूचं नाव गाळायचं म्हणता, ते मला पटत नाही, रागावू नका. तो तुमच्या गावचा म्हणून तुम्हाला वाईट वाटत असेल, मी समजू शकते. पण मी पोरांना रोज सांगते, इतिहासात आपलं-परकं नसतं, खरं-खोटं असतं. आता मीच गाळागाळी करू? शूराचं नाव मोठ्या अक्षरात आणि फितुराचं नाव झाकून, असा इतिहास मला नको.

एक आनंदाची बातमी. बेल्ह्याला माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत अप्पांची वही सापडली. तुरुंगात लिहिलेली, पेन्सिलीची, निम्मी पुसलेली. बाबा म्हणाले, 'ह्यात काही नाही, किराण्याची यादी असेल.' मी रोज शाळेतून आले की भिंग घेऊन बसते. एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, राब. 'राब', 'राबाचा', एका ठिकाणी नुसतंच 'राब, राब, राब'. आधी वाटलं, तुरुंगात राबवून घेत असतील. पण तसं दिसत नाही. काका, राब म्हणजे नेमकं काय? आमच्या बेल्ह्याकडे बाजरी, कांदा, तिथं हा शब्द कधी ऐकला नाही.

फलकांचं काम जोरात आहे. आमच्या चित्रकलेच्या उज्ज्वलाबाई ब्रशनं लिहितात, अक्षर बघाल तर छापील झक मारेल. अप्पांचा फलक त्यांना पुढच्या आठवड्यात द्यायचाय, तेवढ्यात जानकूचं पूर्ण नाव कळवा. नाही कळवलंत तर स्मरणिकेत आहे तेवढंच लिहीन.

अक्षदा


वाडीवरून
८ डिसेंबर

चि. अक्षदा,

राब इचारलास. सांगतो. हे सांगायला मला आवडतं.

भाताचं रोप टाकायची जी जागा असती, ती पावसाच्या आदी भाजावी लागती. खाली शेण, त्याच्यावर झाडाचा तोडलेला पालापाचोळा, त्याच्यावर गवत, आन् वरून बारीक माती. चैत्र-वैशाखात पेटवायचं. मातीमुळं जाळ न्हाई व्हत, नुसतं आतल्या आत धुमसतं. तण जळतं, राख व्हती, त्या राखंत बी फेकलं की रोप कसं तरारून येतं. त्यो राब. वारा पडला की लावायचा, न्हाईतर पाला उडून रान पेटंल.

आमच्या वाडीची एक रीत हाय. राबाला आगपेटीची काडी लावायची न्हाई. विस्तव शेजारच्या घरून आणायचा, खापरात घालून. शेजाऱ्यानं मनापासून विस्तव दिला तर पीक येतं, असं म्हणतात. त्यामुळं भांडण झालेलं असलं तरी वैशाखात बोलावंच लागतं. लई शहाणी रीत. फक्त एका घराचा विस्तव आमच्या वाडीत कुनी घेत न्हाई. वाडीच्या शेवटाला हाय त्ये. जाऊ दे.

माझ्या आईनं जल्मात राबाला विस्तव लावला न्हाई. पाला आणायची, रचायची, पण लावायच्या टायमाला घरात जाऊन बसायची. आमी म्हणायचो, आईला धूर सोसत न्हाई.

वहीत अजून काय लिहिलंय? सगळी वाचलीस का? वाचायलाच पायजे असं न्हाई. जुनी वही, डोळे बिघडतील.

आन् ही उज्ज्वला म्हंजे कोणची? माहेर कुठलं तिचं? उलट टपाली कळव. तिला त्यो फलक देऊ नको. का म्हणून इचारू नको, देऊ नको.

हौशीराम


जुन्नर
१५ डिसेंबर

हौशीकाका,

तुमचं पत्र काल मिळालं, आणि फलक गेल्या आठवड्यातच देऊन झाला होता. आता नवल ऐका.

उज्ज्वलाबाईंनी मजकूर वाचला. एरवी त्या वाचता वाचता बोलतात, 'इथं ओळ तोडू का, हा रंग देऊ का', असं. या वेळी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. दोन दिवसांनी फलक आणून भिंतीला टेकवून ठेवला. सुंदर. आणि ती ओळ अशी : 'वाडीतील' मग बोटभर नव्हे, चांगली वीतभर कोरी जागा, मग 'याने धुराची खूण पोलिसांना सांगितली'. मी म्हटलं, 'बाई, नाव राहिलं.' त्या म्हणाल्या, 'नीट विचारून घ्या, मग लिहिते.' आणि ब्रश धुवायला गेल्या. दुसऱ्या दिवशी रजा.

त्यांचं सासर नारायणगावचं. नवऱ्याचा टोमॅटोचा टेंपो आहे. माहेर विचारलं की 'डोंगरातलं' एवढंच सांगतात, गावाचं नाव कधी घेत नाहीत. आठ वर्षं एका खोलीत बसून डबा खातो आम्ही, आणि मला त्यांचं गाव ठाऊक नाही, हे मला तुमच्या पत्रामुळे कळलं.

काका, तुम्ही काहीतरी लपवताय. तुम्ही चांगले आहात, पण लपवायला तुम्हाला येत नाही. राबाबद्दल दोन पानं लिहिलीत आणि मधेच 'जाऊ दे' म्हणालात. मी तो 'जाऊ दे' पुसून खाली काय आहे ते बघायला बसलेय.

अक्षदा


वाडीवरून
२२ डिसेंबर

अक्षदा,

चार दिवस कागद पुढं घेऊन बसलो. आता लिहितोच.

तुझी उज्ज्वला जानकूची नात हाय. तिचा भाऊ दादाभाऊ हितंच ऱ्हातो, वाडीच्या शेवटच्या घरात. ज्या घराचा विस्तव कुनी घेत न्हाई, त्ये घर.

आन् जानकू फितूर नव्हता.

त्या दिशी सकाळी रान मोकळं व्हतं. आज्यानं आईला सांगितलं, 'बायडे, दुपारी वारा पडला की टोकाच्या खाचरातला राब लाव.' आन् तो कामाला गेला. तेवढ्यात पोलीस आले. सगळी मोठी माणसं त्यांनी मारुतीच्या देवळात कोंडली. पोरं हिकडं तिकडं पांगली. दुपारी वारा पडला. नऊ वर्षांची पोर, बापानं सांगितलेलं काम, तिनं केलं. विस्तव आणला, राब लावला. धूर वर गेला आन् तुझे अप्पा जेवायला खाली आले.

देवळातून माणसांनी धूर बघितला. आत कोंडलेल्या माणसाला वाटणार काय? पोलिसांनीच केला. मंग खूण सांगितली कुनी? जानकू आदल्या दिशी हिरडा इकायला घोडेगावला गेला व्हता, आन् परत आला त्यो नेमका पोलिसांच्या मागोमाग. झालं, ठरलं. आज्याला खरं ठावं व्हतं. सोताचा राब जळलेला त्याला दिसला न्हाई का? तो पोरीला म्हणला, 'तोंड उघडलंस तर बघ.' तिनं सहासष्ट वर्षं न्हाई उघडलं. मरायच्या आदी मला सांगितलं, आन् म्हणली, 'हौशा, तुला जमलं तर सांग.' मला न्हाई जमलं. ती जाऊन पंधरा वर्षं झाली. मी रोज दादाभाऊच्या दारावरनं जातो, आन् रोज मान खाली घालतो. तो समजतो, वाळीत टाकलंय म्हणून बघत न्हाई. मी लाजंनं बघत न्हाई.

पोस्टात मी एकाचं पत्र दुसऱ्याला कंदी दिलं न्हाई. आईचं एवढं एक पत्र माझ्याकडं ऱ्हायलं, ज्याचं त्याला पोचलं न्हाई.

आता फलकावर माझ्या आईचं नाव लिही. तुझ्या आज्याला तिनं पकडून दिलं. आपलं नातं तुला ठेवायचं का न्हाई, तुझं तू ठरव. तांदूळ मी पाठवीनच.

हौशीराम


जुन्नर
२ जानेवारी २०२५

हौशीकाका,

वेडे आहात का तुम्ही? नातं ठेवायचं का म्हणे! तुमचं पत्र वाचून मी शाळेच्या पायरीवर बसून रडले, शिपाईभाऊंनी पाणी आणून दिलं. मग घरी आले, वही काढली, आणि राबाची ही गोष्ट कळल्यावर ती पुसट पानं आपोआप वाचता यायला लागली. हे घ्या, अप्पांच्या शब्दांत :

'पोरीच्या हातात खापर होते. ती माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवली की बोलू नको. चूक पोरीची नव्हे. मी देशावरचा मनुष्य. पौषात धुराची खूण ठरविली तेव्हा वैशाखात हे लोक राब जाळतात हे मला ठाऊक नव्हते. मी विचारले नाही. मला मास्तर म्हणत म्हणून कोणी सांगितले नाही. भात खाल्ला पाच महिने, भात कसा होतो हे विचारले नाही.'

आणि त्याच्या खाली ते तीन वेळा, राब, राब, राब.

म्हणजे बघा, ऐंशी वर्षं तुमचं घर समजत होतं चूक तुमची, आणि आमच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत कबुली पडून होती की चूक आमची. त्यांनी बायडाआत्याला बहीण का मानलं, ते आता कळलं. भाऊबीजेला ते ओवाळून घ्यायला नाही, तिची भीती काढायला येत होते.

पण एक गोष्ट मला खुपतेय. अख्ख्या वहीत जानकूचं नाव नाही. सुटून आल्यावर दर वर्षी ते वाडीत येत होते. जानकूवर आळ आहे हे त्यांना कळलं नसेल? की कळलं आणि गप्प बसले? काका, तुम्ही त्यांना पाहिलंय. खरं सांगा. मला अप्पा चांगलेच हवेत असं नाही. मला ते खरे हवेत.

बाबांना वही दाखवली. ते भडकले. 'माझ्या बापानं हाडं मोडून घेतली आणि तू त्याच्या नावापुढं चूक हा शब्द लिहिणार? उद्या बेल्ह्याच्या बाजारात बैल बघायला आलेली माणसं मलाच बघतील.' मी फलक लिहिणार आहे. पण उज्ज्वलाबाईंना काय सांगू? रोज समोर बसतात. कोरी जागा तशीच आहे.

अक्षदा


वाडीवरून
१८ जानेवारी

चि. अक्षदा,

आदी तुझ्या प्रश्नाचं. अप्पांना ठावं व्हतं.

त्ये यायचे त्यो रस्ता जानकूच्या दारावरनं येतो. दर भाऊबीजेला पहिलं त्याच्या ओट्यावर बसायचे, तांब्याभर पाणी मागून प्यायचे, मंग आमच्याकडं यायचे. सगळी वाडी बघायची. आमी म्हणायचो, देशावरचं माणूस, त्याला काय ठावं कुठं पाणी प्यावं. आमी त्यांना वेडं समजलो. आता कळतंय, त्ये आमाला दाखवीत व्हते. पण पाणीच प्यायले, बोलले न्हाईत. बोलले असते तर आईचं नाव निघालं असतं. तू त्यांना चांगलं म्हण का वाईट म्हण, मला न्हाई ठरवता येत.

आता पुढचं. संक्रांतीला तिळगूळ घेतला आन् दादाभाऊच्या घरी गेलो. एकाहत्तर वर्षांचा झालो, त्या ओट्यावर पहिल्यांदा पाय ठेवला. उज्ज्वला माहेरी आलेली व्हती, तीच दारात. म्हणली, 'या पोस्टमनकाका, कुनाचं पत्र आणलं?'

मी म्हणलं, 'माझ्या आईचं.' आन् उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मधी थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं.

दोघं ऐकत व्हते. उज्ज्वलानं मला बसायला पाट दिला आन् म्हणली, 'काका, आमाला ठाऊक आहे.'

अक्षदा, माझ्या हातातला तिळगूळ खाली पडला गं.

ती म्हणली, 'त्या दिवशी आमची आजी कुशाबाई तापानं अंथरुणात होती, म्हणून पोलिसांनी तिला देवळात नेलं नाही. बायडा खापर घेऊन आली. बानं राब लावायला सांगितलाय म्हणाली. आजीला ताप डोक्यात गेलेला, खूण-बिण कुठली सुचतीय. चुलीतला विस्तव तिनं सोताच्या हातानं खापरात घातला. म्हणजे विस्तव आमच्याच घरचा.'

मी इचारलं, 'मंग बोलला का न्हाई गं तुमी? ऐंशी वर्षं?'

तर म्हणली, 'आमच्या आज्यानं आजीला सांगितलं होतं. पोर नऊ वर्षांची आहे. तिच्या नावाला बोल लागला तर जन्माचा लागंल, तिचं लगीन व्हायचं नाही, वाडी तिला जगू देणार नाही. आपण मोठी माणसं आहोत, आपल्याला पेलंल.'

पेललं गं त्यांनी. दादाभाऊच्या बापाला पोरगी मिळंना, लांबून बायको आणावी लागली. ह्यांच्या मयताला आमच्या वाडीतले चार खांदे मिळाले न्हाईत. आन् माझी आई त्यांच्या दारावरनं मान वर करून जायची, कारण ती फितुराच्या घरची नव्हती!

मी लई रडलो. म्हातारपणी शोभत न्हाई. दादाभाऊनं खाली पडलेला तिळगूळ उचलला, फुंकर मारली आन् तोंडात टाकला. तेवढंच.

उज्ज्वला परत येईल शाळंत. तिला काय सांगायचं न्हाई तुला. ती तुला सांगंल.

हौशीराम


जुन्नर
२७ जानेवारी

हौशीकाका,

प्रदर्शन काल उघडलं. तुम्ही गुडघ्यांमुळे आला नाहीत, म्हणून सगळं डोळ्यांपुढे उभं करते.

उज्ज्वलाबाई २० तारखेला हजर झाल्या. डबा उघडला, मला भाजी वाढली आणि म्हणाल्या, 'माझं माहेर...' आणि तुमच्या वाडीचं नाव घेतलं. आठ वर्षांत पहिल्यांदा! मी म्हटलं, 'मी तुमच्या आजोबांचा फोटो मागवला होता हो, फितूर म्हणून.' त्या म्हणाल्या, 'फोटो असता तर मीच आणून दिला असता, निदान कोणी बघितला तरी असता त्यांना.'

जुना फलक आम्ही फेकला नाही. कोऱ्या जागेसकट तसाच लावलाय, शेजारी नवा. नव्यावर मजकूर माझा, अक्षर त्यांचं : 'फितूर कोणीच नव्हते. धुराची खूण कुंडलिक यांनी ठरवली. डोंगरात वैशाखात राब जाळतात हे त्यांना माहीत नव्हते आणि त्यांनी विचारले नाही, ही त्यांची चूक त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. कुशाबाईंनी विस्तव दिला, नऊ वर्षांच्या बायडाने सांगितलेले काम केले. मुलीला बोल लागू नये म्हणून जानकू आणि कुशाबाई यांनी फितुरीचा आळ मरेपर्यंत सोसला. या लढ्यात तुरुंगात गेलेल्यांची नावे सरकारी यादीत आहेत. ही दोन नावे त्या यादीत नाहीत.'

खाली राब म्हणजे काय ते तुमच्या पत्रातलं, तुमच्याच भाषेत लावलंय. नारायणगाव, बेल्ह्याकडची माणसं तिथंच सगळ्यात जास्त वेळ थांबतात. एका आजोबांनी मला विचारलं, 'बाई, आमच्या लढवय्यांनी एवढं साधं विचारलं कसं नाही?' मी म्हटलं, 'मीही नव्हतं विचारलं, आणि मी तर इतिहास शिकवते.'

बाबा आले. कोपऱ्यात उभे राहून वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मी जवळ गेले नाही, म्हटलं, चारचौघांत पाणउतारा नको. जाताना एवढंच म्हणाले, 'दिवाळीला बाजरीच्या दोन गोण्या पाठवायच्या. दुसरी शेवटच्या घराला.' मी म्हटलं, 'बाबा, बाजारात लोक बघतील.' म्हणाले, 'बघू देत.'

आता पाळी तुमच्या वाडीची. जुन्नरची माणसं भिंतीवर वाचून जातील. वाडीला कोण वाचून दाखवणार?

अक्षदा


वाडीवरून
५ मे २०२५

चि. अक्षदा,

उशीर झाला. लिहिण्यासारखं घडल्याबिगर लिहायचं नव्हतं.

हनुमान जयंतीला सगळी वाडी मारुतीच्या देवळात जमली, तवा तुझ्या फलकाचा कागद वाचून दाखवला. ज्या देवळात त्या दिशी कोंडले व्हते, तिथंच. काही उठून गेले. एक म्हणला, 'हौशीराम, म्हातारचळ लागला, आईचं नाव घालवतोस.' कुनी तोंडावर चांगलं म्हणलं न्हाई. मी खोटं कशाला लिहू. वाडी एका दिवसात बदलत न्हाई.

मंग राबाचे दिवस आले. टोकाच्या खाचरात मी राब रचला. काल दुपारी वारा पडला. खापर घेतलं आन् शेजारच्या घरांवरनं पुढं गेलो, सगळ्यांच्या ओट्यावरनं दिसंल असा, पार शेवटापर्यंत. आवाज दिला, 'दादाभाऊ, इस्तू दे रं.'

तो चुलीपाशीच व्हता. उठला, पण पुढं येईना. म्हणला, 'हौशीकाका, लोक बघतायत.' मी म्हणलं, 'त्याच्यासाठीच दुपारी आलोय.'

त्यानं विस्तव घातला. एक निखारा ओट्यावर पडला, त्यो त्यानं बोटानं उचलून खापरात टाकला. मी खाचरात गेलो आन् राब लावला. चांगला धूर झाला, सरळ वर गेला. मी तिथंच बसून ऱ्हायलो, वरच्या कड्याकडं बघत.

आज सकाळी आमच्या शेजारच्या घरची सून खापर घेऊन शेवटाच्या घराकडं जाताना दिसली. एकच. पण दिसली.

भाताचं रोप बरं येईल असं वाटतं.

हौशीराम